कोपऱ्यातला लॉट

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून तेहेतीस वर्षं काढली. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, नुकसान लिहायचं, सॅल्व्हेजची किंमत सांगायची. लिलावाच्या आवारात उभं राहणं हा पोटापाण्याचाच भाग होता. जुन्या गाड्यांचं वेड त्यातून लागलं असं मी सांगतो. सौ.च्या मते ते लग्नाआधीपासून होतं आणि बघण्याच्या कार्यक्रमात लपवून ठेवलं गेलं. बंद पडलेल्या गिरण्या, दूध संघ, पोलीस ठाण्यांमागची मैदानं, वाड्यांतले मोटारखाने, आणि अलीकडे घरबसल्या पडद्यावर चालणारे ई-लिलाव, सगळीकडे हजेरी लावली. पदरात पडलं थोडं, हातून सुटलं पुष्कळ. त्यातून जे कळलं ते हे.

१. गर्दी एका गाडीभोवती जमली की आपण दुसरीकडे चालू लागायचं

१९९८ साली पश्चिम महाराष्ट्रातली एक सूतगिरणी अवसायनात निघाली होती. आवारात चात्या, कपाटं, पंखे, टाइपरायटर आणि सात-आठ गाड्या. सगळ्यांचा डोळा माजी अध्यक्षांच्या डॉज किंग्सवेवर होता. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेली. वालचंद हिराचंदांच्या त्या कारखान्यातून तेव्हा एकाच अंगाची गाडी कधी डॉज, कधी प्लिमथ, कधी डीसोटो म्हणून बाहेर पडायची. नाव आणि क्रोम बदललं की झालं. गिरणीतल्या डॉजची जाळी अजून चमकत होती. माणसं मागच्या सीटवर बसून फोटो काढून घेत होती.

मागच्या कुंपणाशी, बाभळीखाली, एक तीनचाकी टेम्पो उभा होता. पुढे एकच चाक, त्यावर बसकं नाक, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. हौद्यात कोंबडीने अंडी घातली होती. यादीत तो लॉट नंबर ३७, 'तीनचाकी वाहन, नादुरुस्त, जसे आहे जेथे आहे'. माझ्याबरोबर आमचे मिस्त्री होते. ते डॉजकडे फिरकलेसुद्धा नाहीत. टेम्पोचं नाक उघडून बराच वेळ आत डोकं घालून बसले. मी मात्र डॉजपाशी. खिशात जेमतेम रक्कम, बोली लावायची ऐपत नाही, तरी तिथेच घुटमळत राहिलो.

डॉज सिनेमावाल्यांना गाड्या भाड्याने देणाऱ्या एकाने उचलली. सदतीस नंबरचा पुकारा झाला तेव्हा चहा चालू होता. 'एक वार, दोन वार, तीन वार' एका दमात म्हणून झालं आणि टेम्पो भंगारवाल्याकडे गेला, मोडक्या चात्यांच्या ढिगाबरोबर. परतताना एसटीत मिस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, डॉज परत दिसंल. ते टेम्पो नाय दिसायचं." मी हसलो होतो.

डॉज किंग्सवे मला त्यानंतर पाच-सहा वेळा दिसली. पुण्याच्या रॅलीत, मुंबईच्या प्रदर्शनात, एकदा तर लग्नाच्या वरातीत. तसा टेम्पो, पुरता आणि मूळ रूपातला, पुढची वीस-एकवीस वर्षं दिसला नाही.

ते होतं हॅन्सीट मॉडेल. हॅम्बुर्गजवळच्या 'विडाल उंड झोन' कंपनीची 'टेम्पो' नावाची वाहनं जर्मनीत चालायची. त्यांच्याशी करार करून फिरोदियांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली, आधी मुंबईत गोरेगावला आणि मग आकुर्डीला. दोन स्ट्रोकचं छोटं इंजिन पुढच्या चाकावर बसवलेलं, तिथून साखळीने त्याच चाकाला ताकद. या एका गाडीने मराठीला शब्द दिला. आज चार चाकांची, कुठल्याही कंपनीची मालगाडी आली तरी आपण 'टेम्पो आला' म्हणतो. कंपनीने स्वतःचं नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स केलं, शब्द मात्र लोकांनी सोडला नाही. ज्या गाडीने भाषेत घर केलं, तिच्यात बाभळीखाली कोंबडीने घर केलेलं बघून मी पुढे गेलो होतो.

२. राजाची गाडी टिकते, राबणारी मरते

संस्थानिकाच्या रोल्सला मोटारखाना होता, ड्रायव्हर होता, पावसाळ्यात चादर होती. ती वर्षातून दसऱ्याला बाहेर निघायची. टेम्पोने विटा वाहिल्या, कांदा वाहिला, गणपती नेले, आणि चॅसिसला तडा गेला तेव्हा वेल्डिंग मारून परत विटाच वाहिल्या. बनल्या कुठल्या जास्त? टेम्पो. उरल्या कुठल्या जास्त? मोजायचीच गरज नाही.

म्हणून यादी हातात आली की मी आधी कामकरी गाड्या बघतो. दूध संघाची मॅटाडोर, नगरपालिकेची जीप, पोस्टमनची लूना, शेतकऱ्याची डिझेल बुलेट. ही शेवटची अनेकांना ठाऊकच नसते. रॉयल एनफिल्डने टॉरस नावाने डिझेल इंजिनाची मोटारसायकल विकली होती. सव्वातीनशे सीसीचं, ट्रॅक्टरसारखं ठोकणारं इंजिन, पळणं बेतास बात, पण एका लिटरमध्ये तालुक्याला जाऊन यावं. ज्यांनी घेतल्या त्यांनी झिजेपर्यंत वापरल्या. बुलेटच्या शौकिनांना तिची तेव्हा लाज वाटायची.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी घ्या. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत फोटोच फोटो. पण टपावरचं कॅरियर, बाहेर लटकणारा लोखंडी मीटर, आतलं फुलाफुलांचं छत अशी सगळी टॅक्सी जशीच्या तशी कुणी ठेवली? खासगी पद्मिन्या पुष्कळ आहेत. टॅक्सी शोधा म्हणजे कळेल.

सरकारी गाड्यांचंही तेच. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणीच संपते, ती थेट मोडीत. पूर्वी लिलावातून निदान एखादी जीप एखाद्या वेड्याच्या हाती लागायची.

३. दुर्मिळ आणि मौल्यवान यांची सोयरीक असतेच असं नाही

नवशिक्यांची पहिली ठेच इथे लागते. "काका, अख्ख्या जिल्ह्यात अशी एकच आहे!" असेल बाबा. एकच का आहे ते विचार. पुष्कळदा उत्तर असतं, कुणाला नकोच होती.

बंगळूरच्या सिपानीने फायबर बॉडीच्या गाड्या काढल्या. आधी तीन चाकांची बादल, मग १९८२ मध्ये ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून बेतलेली डॉल्फिन. दोनच दारं, हलकी, चपळ; दक्षिणेत रॅल्या गाजवल्या तिने. पण लगोलग १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि कुटुंबवत्सल माणूस चार दारांकडे वळला. आज डॉल्फिन शोधून सापडत नाही, आणि सापडली तर विकत घेणाराही शोधावा लागतो. मी एक बघितली होती नाशिककडे, बोनेटवर वाळवण घातलेलं.

उलट राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली. पेट्रोल पिते, सुटे भाग महाग, म्हणून तेव्हा लोकांनी तिला नावं ठेवली. नव्वदच्या दशकात ती लिलावात पडलेली असायची आणि मी सॅल्व्हेजच्या कागदावर तिची किंमत लिहायचो ती आज आठवली की कानशिलं तापतात. आता तीच लाखांत बोलतात. तिला रोज पाहणारी कॉलेजची पोरं पन्नाशीला पोचली. विशीत खिशात पैसे नव्हते, आता आहेत. बोली लागते ती या हिशोबाची. गाडी कितीजणांच्या स्वप्नात होती हे कितीजणांच्या दारात होती यापेक्षा महत्त्वाचं.

क्वचित उलटंही घडतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मॅडिसन गावी ब्रूस वायनर नावाच्या गृहस्थाने चिमुकल्या मोटारींचं संग्रहालय केलं होतं. युरोपात युद्धानंतर गरिबीत जन्मलेल्या, लोकांनी खेळणी म्हणून हसलेल्या गाड्या. २०१३ च्या फेब्रुवारीत ते सगळं लिलावात निघालं. त्यातली एक जर्मन एफएमआर टायगर, जेमतेम दोन माणसं मागेपुढे बसतील अशी, तीन लाख डॉलरच्या वर गेली. मी ती बातमी मिस्त्रींना वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्या माणसानं आधी दुसऱ्यांना आवड लावली, मग विकल्या." मला वाटतं त्या लिलावाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आणि आपल्याकडची मीरा. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी एकोणीसशे चाळीसच्या दशकापासून पंचवीस-तीस वर्षं खपून छोटी, स्वस्त मोटार घडवली. एकामागून एक नमुने केले. परवान्याच्या राज्यात कारखाना काही उभा राहिला नाही. तशी गाडी लिलावात येणारच नाही, आणि आली तर तिचा भाव कोण ठरवणार? जिची विक्रीच कधी झाली नाही तिला बाजार ओळखत नाही. मला तरी टायगरपेक्षा मीरासमोर उभं राहावंसं वाटतं.

४. कागद आधी, पत्रा नंतर

हा धडा फार महागात पडला, म्हणून जरा सविस्तर.

स्टँडर्ड हेरल्ड माझी जुनी आवड. मूळ ट्रायम्फ, आराखडा इटलीच्या मिकेलोट्टीचा, आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला बनली. बोनेट उघडलं की चाकांवरच्या मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे कलतं आणि इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर येतं. मिस्त्री लोकांना चाकावर बसून काम करता येतं. आणखी एक गंमत, चार दारांची हेरल्ड फक्त भारतात बनली. इंग्लंडच्या शौकिनांना तिचं केवढं अप्रूप, आणि आपण तिला हाफ शाफ्ट तुटणारी गाडी म्हणून लक्षात ठेवली.

अशी चार दारांची एक, एका जुन्या बंगल्याच्या सामानाच्या लिलावात मिळाली. पत्रा उत्तम, सीटं मूळची. आरसी बुक होतं, नंबर बोनेटखालच्या पट्टीवर जुळत होता. मी खूश. आरटीओत नावावर करायला नेली. तिथल्या माणसाने चॅसिसवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, ठसा काढला, आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. शेवटचे तीन आकडे वेगळे होते.

हेरल्डची बॉडी चॅसिसवर बोल्टने बसते. कधीकाळी कुणीतरी दोन गाड्यांची एक केली होती. खालची एकीची, वरची दुसरीची. पट्टी वरचीच्या बरोबर आली. फसवायचा हेतू असेलच असं नाही. त्या काळी गॅरेजात हे सर्रास चालायचं. पण माझ्या हातात जी होती ती कागदोपत्री कुठलीच गाडी नव्हती. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, पोलिसांचा दाखला, दोन वर्षं. शेवटी दारं, काचा, दिवे वेगळे करून विकले. चॅसिस विकताना सौ. गॅलरीत उभी होती. काही बोलली नाही. त्याहून बोलली असती तर बरं.

तेव्हापासून लिलावाला जाताना खिशात पेन्सिल आणि पातळ कागद असतो. बोलीआधी ठसा स्वतः काढायचा. कुणी हरकत घेतली तर तिथून निघायचं.

२०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, नंबरात 'व्हीए' अक्षरं. नव्या नोंदणीला वीस हजार, पुढे पुनर्नोंदणीला पाच हजार. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिन फार बदललेलं नसावं, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. नियम चांगला आहे. पण त्यात दोन चाकं आणि चार चाकं बसतात, तीही खासगी. तीनचाकी मालवाहू गाडीला वारसा म्हणून जागाच नाही. नियम करणाऱ्यांनीही डॉजच बघितली होती म्हणायचं.

५. लोहचुंबक

फ्रीजच्या दारावरचा चालतो. पत्र्यावर फिरवायचा. जिथे निसटला तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी आहे. चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ. कोकणातून आलेली गाडी असेल तर गुडघे टेकून खालून बघायचं, धोतर मळलं तरी चालेल. फायबरच्या सिपानीवर हा प्रयोग करून एका गृहस्थाने "सगळीच लांबी आहे" असं मला गंभीरपणे सांगितलं होतं.

६. तोंड बंद, हात खिशात

भंगारवाल्यांची रिंग असते. आधीच ठरलेलं असतं कोण कुठला लॉट घेणार. त्यांचा तुमच्यावर राग नसतो, पण तुम्ही एखाद्या लॉटभोवती तीनदा फिरलात की त्यांना कळतं इथे पाणी आहे. मग तुम्हाला चढवतात. मी आवडलेल्या गाडीकडे पाठ करून उभा राहतो आणि शेजारच्या नकोशा गाडीबद्दल प्रश्न विचारतो. एकदा या नाटकापायी नकोशी गाडीच गळ्यात पडली. लँडमास्टर होती. ती गोष्ट परत कधीतरी.

७. बोलीचा आकडा म्हणजे फक्त सुरुवात

अनामत, जीएसटी, टीसीएस, लिलावगृह असेल तर त्यांचं कमिशन, मुदतीत माल उचलला नाही तर जागाभाडं, क्रेन, ट्रक. आणि रोजंदारीवरची चार माणसं, कारण चारही टायर बसलेले असतात. घरी कळवायचा आकडा कुठला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

८. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी नव्हे

अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं पियर्स हे छोटं गाव. रे लॅम्ब्रेख्ट यांची तिथे शेवरलेची डीलरशिप होती. बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या, आणि न विकल्या गेलेल्या काही नव्यासुद्धा, त्यांनी वर्षानुवर्षं साठवल्या. २०१३ च्या सप्टेंबरात सुमारे पाचशे गाड्या शेतात रांगेने मांडून विकल्या. १९५८ चा एक कॅमिओ पिकअप मीटरवर दीड मैलसुद्धा न दाखवणारा, आणि त्याला बोली लागली एक लाख चाळीस हजार डॉलरची. भाच्याने मला त्याची फिल्म दाखवली. टप चेपलेला, काचेला तडा. तो निदान छपराखाली होता. बाकीच्या कित्येक उघड्यावर झाडीत उभ्या राहून गंजून गेलेल्या.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. टाकीत पेट्रोलचा राळेसारखा चिकटा, ब्रेकचे सिलिंडर जाम, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. आपल्या पावसाळ्यात तर विचारू नका. मला 'आजोबांनी रोज वापरली' असं सांगणारा वारस भेटला की बरं वाटतं.

९. जो भाग मिळत नाही, तीच गाडी

लोकांना इंजिनाची धास्ती असते. वास्तविक इंजिनाचं काहीही होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिस्टन दाखवा, मोजमाप द्या, लेथवर बसलेला माणूस तुम्हाला हवं ते घडवून देतो. अडतं ते पुढच्या काचेपाशी. तिचा बाक, तिच्या भोवतीचं रबरी बीडिंग, मागच्या दिव्याची लाल काच, दाराचं हँडल. डुक्कर फियाटची ग्रिल मिळते, कारण त्या पुष्कळ होत्या. डॉल्फिनची काच कुठून आणणार?

म्हणून लिलावात गाडी चालू आहे का हे मी शेवटी विचारतो. आधी काचा मोजतो.

१०. सुटलेला लॉट एखादे वेळी परत येतो

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका बंद जिनिंग कारखान्याची यादी भाच्याने मोबाइलवर दाखवली. ई-लिलाव होता, फोटो चार, तेही अंधुक. भंगाराच्या एका लॉटमध्ये पाइप, पत्रे, मोटरी आणि मागे कुठेतरी एक बसकं नाक. यादीत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत, नजर अधू आहे. मोबाइल नाकाशी धरून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "तेच हाय."

अख्खा लॉट घेतला. पाइप आणि मोटरी तिथल्या तिथे विकून खर्चाचा बराच भाग निघाला. हौद्याच्या फळ्या सडल्या होत्या, सागवानाच्या नव्या केल्या. पुढची काच शाबूत, हे नशीब. कागद काहीच नाहीत, त्यामुळे रस्त्यावर आणायचा प्रश्नच नाही. तो आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो. गेल्या दिवाळीत मिस्त्रींनी त्याचं इंजिन सुरू केलं. निळा धूर, तो दोन स्ट्रोकचा फटफटाट, आणि शेजारचे काका धावत आले की काय पेटलं. मिस्त्री नाकावर हात ठेवून उभे, इंजिनाची थरथर तळहाताला लागू देत. सौ.ने धुराने खोकत विचारलं, "आता हा जाणार कुठे?"

कुठेच नाही, कारण इंजिन फिरतं पण चाक फिरत नाही. साखळी गायब आहे. दुसऱ्या गाड्यांच्या तीन लावून बघितल्या, पिच जुळत नाही. कुणाच्या गोठ्यात, गिरणीच्या मागे, शेतातल्या पंपघरात अशा टेम्पोचं पुढचं चाक पडलेलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी साखळी तेवढी काढून ठेवा. मिस्त्री येऊन बघून जातील.